ग्रीक स्वरचिन्हांकित अक्षरांचे संगणकीय संकेतन

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास आज मूळ संहिता संगणकावर सहज उपलब्ध होतात. त्या वाचता येतात. परंतु त्यांत शोधलेला शब्द सापडेलच असे नाही. एम.फिल.च्या लघुशोधप्रबंधासाठी ‘लोगोस’ या शब्दाचे दाखले गोळा करताना प्रस्तुत लेखिकेस हा अनुभव आला. शब्द पडद्यावर समोर दिसत असूनही संगणक ‘आढळला नाही’ असेच उत्तर देई. दोष संहितेचा नव्हता. तो ‘लो’मधील ओमिक्रॉन या स्वरावरील एका तिरप्या रेघेच्या संकेतनात होता.

चिन्हांचे प्रयोजन :

या चिन्हांचे श्रेय परंपरेने इ.स.पू. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रंथपाल असलेल्या बायझँटियमच्या अॅरिस्टोफेनीसला दिले जाते. ऑक्सिया, वारिया व पेरिस्पोमेनी ही तीन आघातचिन्हे स्वराचा चढउतार दर्शवितात. वैदिक उदात्त-स्वरिताशी परिचय असणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. यांखेरीज शब्दारंभीच्या स्वरावर ‘ह’कार असल्यास दासिया आणि नसल्यास प्सिली हे चिन्ह येते. काही दीर्घ स्वरांखाली लहानसा आयोटाही लिहितात. ही चिन्हे केवळ शोभेची नव्हेत. दासियासह ‘होरोस’ म्हणजे सीमा वा व्याख्या, तर प्सिलीसह ‘ओरोस’ म्हणजे पर्वत. उर्वरित अक्षरे व आघात दोहोंत सारखेच आहेत. ग्रीसने १९८२ मध्ये आधुनिक लेखनासाठी ही पद्धती सोडून ‘टोनोस’ हे एकच आघातचिन्ह स्वीकारले. प्राचीन ग्रंथांच्या आवृत्त्या मात्र जुन्याच पद्धतीने छापल्या जातात.

एक अक्षर, तीन संकेत :

युनिकोडमध्ये या दोन्ही पद्धतींना स्वतंत्र जागा मिळाली आणि गुंतागुंत तेथेच सुरू झाली. (पुढील क्रमांक दशमान पद्धतीत दिले आहेत, युनिकोडच्या तक्त्यांत ते षोडशमान असतात.) टोनोसयुक्त ओमिक्रॉनचा क्रमांक ९७२. जुन्या पद्धतीच्या चिन्हांकित अक्षरांसाठी ७९३६ ते ८१९१ हा वेगळा विभाग आहे. त्यात ऑक्सियायुक्त ओमिक्रॉनला ८०५७ हा क्रमांक आहे. शिवाय साधा ओमिक्रॉन (९५९) व त्यामागोमाग जोडचिन्ह (७६९) असे दोन संकेत मिळूनही तेच अक्षर उमटते. यूटीएफ-८ पद्धतीत पहिले रूप दोन बाइट, दुसरे तीन व तिसरे चार बाइट व्यापते. वाचकाला तिन्ही एकच. केवळ बाइट पडताळणाऱ्या शोधप्रणालीला तिन्ही भिन्न. देवनागरीही यास अपवाद नाही. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ २३५३ या एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ (२३५२) व नुक्ता (२३६४) मिळूनही.

सामान्यीकरण आणि त्याची मर्यादा :

टोनोस व ऑक्सिया हे मूलतः एकच चिन्ह असल्याने युनिकोडने ८०५७ हा ९७२ शी सममूल्य ठरविला आहे. संहितेचे सामान्यीकरण केले असता, म्हणजे सममूल्य रूपांपैकी एकच सर्वत्र योजले असता, ही भिन्नता नाहीशी होते. ‘एनएफसी’ या प्रकारात तिन्ही रूपांचे ९७२ होते, तर ‘एनएफडी’ या प्रकारात ९५९ व ७६९ अशी फोड होते. ८०५७ दोन्हींत उरत नाही. जुन्या काही टंकांत टोनोस उभा व ऑक्सिया तिरपी काढलेली असे. अशा टंकात हा बदल डोळ्यांना खटकतो. परंतु तो टंकाचा दोष होय, संहितेचा नव्हे.

चिन्हांचा क्रम मात्र सामान्यीकरणाने सुधारत नाही. ‘आन्थ्रोपोस’ (मनुष्य) या शब्दाच्या आरंभीच्या अल्फावर प्सिली व ऑक्सिया दोन्ही असतात. अल्फा (९४५), प्सिली (७८७), ऑक्सिया (७६९) या क्रमाने लिहिल्यास एनएफसीत ७९४० हे एक अक्षर बनते. ऑक्सिया आधी व प्सिली नंतर लिहिल्यास मात्र अल्फा व ऑक्सिया मिळून ९४० होते आणि प्सिली सुटी राहते. दोन्ही चिन्हे अक्षराच्या माथ्यावर बसणारी असल्याने त्यांचा क्रम अर्थपूर्ण मानला जातो व यंत्र तो बदलत नाही. अशी स्थळे संपादकालाच तपासावी लागतात.

सर्व चिन्हे काढून शोध घ्यावा, असा सोपा मार्ग सुचविला जातो. तो शोधासाठी केलेल्या प्रतीपुरता ठीक आहे. मूळ प्रतीवर योजल्यास सीमा आणि पर्वत एक होतात. म्हणून मूळ प्रत चिन्हांसह एनएफसीत जतन करावी आणि शोधशब्दही त्याच रूपात आणून मग तुलना करावी. प्रस्तुत लेखिकेने आपल्या संहितेचे असे सामान्यीकरण केल्यावर ‘लोगोस’ सापडू लागला. मात्र तोवर निम्मे दाखले हाताने उतरवून झाले होते.