पंखा फिरतो, पडदा काळाच

रॅमच्या भावाची बातमी शेअर बाजाराच्या पानावरून थेट घरच्या टेबलापर्यंत आली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सवर झडप घातली आणि काही महिन्यांत किरकोळ बाजारात रॅम दुपटीच्या वर गेली. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळायला काढला. त्याच्या दोन महिने आधी विंडोज १०ची मुदत संपली, तेव्हापासून ‘जुना पीसी काढा, नवा घ्या’ हा घोषा सुरू आहेच. नवं घ्या म्हणणारे वाढले आणि नव्याचे भावही वाढले. अशा दिवसांत घरचा सात-आठ वर्षांचा पीसी एका सकाळी सुरूच झाला नाही, तर ‘बोर्ड गेलाय, यावर खर्च करू नका’ या निदानाकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहायला हवं.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. विंडोज १०ची मुदत संपली म्हणून कुणाचाही पीसी बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५नंतर नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, एवढंच. या दोन गोष्टींची सरमिसळ करून कुणी नवं मशीन गळ्यात मारत असेल, तर दुकान बदला.

‘सुरू होत नाही’ ही तक्रार फार मोघम आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कामांचा क्रम ठरलेला असतो आणि बिघाड सापडतो तो काम कुठे थांबलं हे पाहूनच. म्हणून मुरलेला दुरुस्तीवाला फोनवर पहिल्यांदा विचारतो: पंखा फिरतो का? कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? दिवा दाद देत असेल तर बोर्ड बहुधा जिवंत आहे. मग मॉनिटर, त्याची केबल आणि ती केबल नेमक्या कुठल्या सॉकेटात खोचली आहे, तिकडे वळायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही साफसफाईनंतर केबल मदरबोर्डाच्या सॉकेटात लावून घरभर शोककळा पसरवणारे महाभाग कमी नाहीत.

काहीच हलत नसेल तर भिंतीवरचं बटण, एक्स्टेन्शन बोर्ड आणि एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, पाठीवरचा छोटा स्विच बघावा. केर काढताना तो हमखास दाबला जातो. इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. पंखा फिरतोय म्हणजे पॉवर सप्लाय ठणठणीत, हा समज चुकीचा आहे. इंटेलने १९९५मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीत समोरचं बटण वीज थेट जोडत नाही, ते फक्त बोर्डाला इशारा देतं. बोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला ‘चालू हो’ म्हणतो. बारा, पाच आणि ३.३ व्होल्टच्या लाइन स्थिर झाल्या की एसएमपीएस करड्या वायरीतून ‘पॉवर गुड’चा संकेत देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला कामाला लावलंच जात नाही. पंख्याला मात्र बारा व्होल्ट मिळाले की झालं, त्याला या संकेताशी देणंघेणं नाही. आपल्याकडे विजेच्या चढउतारात आणि उन्हाळ्याच्या तापात एसएमपीएसमधले कपॅसिटर हळूहळू म्हातारे होतात. मग पंखे जोरात, पडदा काळा, आणि खापर बोर्डावर. शेजाऱ्याचा चालता एसएमपीएस लावून पाहिल्याशिवाय बोर्डाला मृत घोषित करू नये. एसएमपीएसचं झाकण मात्र स्वतः कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या घरातली वीज काही वेळ साठून राहू शकते.

वीज नीट पोचली की पीसी स्वतःचीच तपासणी करतो. आयबीएमचा १९८१चा पीसी ही तपासणी पार पडली की एक बारीक ‘बीप’ द्यायचा, बिघाड असला तर वेगळ्या तालात बोलायचा. ती सोय अजूनही बहुतेक बोर्डांत आहे, पण कॅबिनेटमधला नखाएवढा स्पीकर द्यायचं कंपन्यांनी बंद केलं. रंगीबेरंगी दिवे लावलेले पंखे परवडतात, आजाराचं नाव सांगणारा चार पिनांचा स्पीकर परवडत नाही! तो सुटा विकत मिळतो आणि लॅमिंग्टन रोडवर त्याची किंमत विचारली तर हसू येईल. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहिला, त्याच्या नावाचा भाग संशयित.

आणि संशयित बहुतेक वेळा रॅमच निघते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर तर विशेष. दमट हवेत संपर्कावर नकळत थर धरतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, हाताने कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा. स्लॉटच्या टोकाची खिटी मागे ढकलली की रॅमची पट्टी वर येते. ती कडांनीच धरा. खालच्या काठावर सोनेरी दातांची रांग दिसेल, आणि त्यात एखादा दात काळपट. इथे आपले मेकॅनिक खिशातून खोडरबर काढतात. शुद्धतावादी कपाळाला हात लावतात, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराने तो झिजतो. त्यांचं बरोबर आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडकं हाच चांगला मार्ग. माझा अंदाज असा की पुष्कळदा गुण रबराचा नसतोच. पट्टी काढून पुन्हा दाबून बसवताना दात स्लॉटात घासले जातात, तेवढ्यानेच संपर्क सुधारतो. ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. आधी एकच पट्टी लावा, मग तीच दुसऱ्या स्लॉटात लावून बघा. डीडीआर५ असेल तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरीशी जुळवून घेत असतो, घाईने वीज तोडू नये. इतकं करून पीसी उठला, तर आजच्या भावाने वाचलेल्या पैशांत घरच्यांना जेवायला न्या.

बोर्डावरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला की घड्याळ जुन्या सालात जातं, त्याबरोबर बायोसची सेटिंगही विसरली जातात. डिस्क धडधाकट, तरी पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. आधी अडकून राहिलेला पेन ड्राइव्ह काढा, मग सेल बदला, मग बूटचा क्रम आणि डिस्कचा मोड पूर्वीसारखा करा.

विंडोजचं चिन्ह दिसून गाडी अडली, तर यंत्राचे बहुतेक भाग सुटले म्हणायचे. आणि नेमकं इथेच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य येतं. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक आडवे झाले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. तेव्हा सांगितलेला इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवणं. घरातही आधी तेच करावं. विंडोज ८पासून जुनी एफ८ची युक्ती चालत नाही. सुरू होतानाच दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’, शेवटचा अपडेट काढणं, सेफ मोड, सगळं आहे. फॉरमॅट ही दुकानदाराच्या वेळेची बचत आहे, तुमच्या फोटोंची नव्हे.

तरीही फॉरमॅट करायचाच असेल, तर आधी डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडा आणि फाइली उतरवून घ्या. नव्या विंडोज ११मध्ये यातही एक मेख आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. ती दुसरीकडे जोडली किंवा बोर्ड बदलला की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ही की त्या खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून पाहता येते. ते खातं पीसी घेताना दुकानातल्या पोऱ्याने स्वतःच्या ई-मेलवर उघडलेलं असेल, तर फोन त्यालाच लावा, आणि तो अजून तो ई-मेल वापरत असेल अशी आशा करा.