धूर सुटावा म्हणून: साठ वर्षांचा मागोवा

दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमधल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी १९५९ साली १२७ रुग्णांचा एक अभ्यास ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या जुनाट आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते थकत गेलेले हे रुग्ण होते. पुस्तकी ज्ञानानुसार हा आजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा. दिल्लीत मात्र पुरुषांच्या जवळपास बरोबरीने बायका निघाल्या, आणि त्यांच्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्या फार थोड्या होत्या. बोट चुलीकडे जात होतं. गोवऱ्या आणि लाकडांच्या धुरात वर्षानुवर्षं बसलेल्या या बायकांची फुफ्फुसं स्वयंपाकघरात खराब झाली होती.

फुफ्फुसाचा आजार जडण्यात आणि तो बरा होण्यात रुग्णाच्या घराचा, कामाचा आणि सोबतच्या माणसांचा केवढा वाटा असतो, हे त्या लेखातून दिसत होतं. पुढची साठ वर्षं भारतातल्या छातीच्या दवाखान्यांत औषधं बदलली, यंत्रं आली, कायदे झाले. धूम्रपान सोडण्याची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा एकट्या रुग्णाच्या मनोनिग्रहावर टाकली गेली. या काळातला पुरावा वेगळंच सांगतो. धूर सुटतो तो बहुधा आजूबाजूची माणसं आणि व्यवस्था सोबत असतात तेव्हा.

सोडण्याचा फायदा किती, याचं स्पष्ट उत्तर लंडनहून आलं. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी पश्चिम लंडनमध्ये काम करणाऱ्या ७९२ पुरुषांच्या फुफ्फुसांची क्षमता आठ वर्षं पुन्हा पुन्हा मोजली आणि १९७७ साली निष्कर्ष मांडले. धुरामुळे गेलेली क्षमता परत येत नाही, पण ज्या दिवशी माणूस थांबतो त्या दिवसापासून पुढची घसरण मंदावते आणि हळूहळू धूम्रपान न करणाऱ्याच्या गतीला येते. ‘आता सोडून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्या पन्नाशीतल्या रुग्णाला डॉक्टर ठामपणे उत्तर देऊ शकतील, इतका हा पुरावा भक्कम होता.

दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, मायकेल रसेल या मानसोपचारतज्ज्ञाने लंडनच्या २८ जनरल प्रॅक्टिशनर्सना हाताशी धरून एक साधा प्रयोग केला. दवाखान्यात कुठल्याही कारणाने आलेल्या धूम्रपान करणाऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सोडण्याबद्दल सांगायचं, एक पत्रक द्यायचं आणि नंतर विचारपूस होईल हेही सांगून ठेवायचं. वर्षभरानंतर या गटातले ५.१ टक्के लोक धूम्रपानमुक्त राहिले होते. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. आकडा लहान वाटतो. पण सगळ्या डॉक्टरांनी सगळ्या रुग्णांशी ही दोन मिनिटं बोलायचं ठरवलं तर सुटणाऱ्यांची संख्या लाखांत जाते, हे रसेल यांनी ओळखलं होतं. ‘नंतर विचारपूस होईल’ हे आश्वासन त्यात फार महत्त्वाचं होतं. आपल्याला कोणीतरी विचारणार आहे, हे कळलं की माणसाचा निश्चय थोडा जास्त टिकतो.

भारतात त्याच दशकात पहिला कायदा आला. १९७५ च्या सिगारेट कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. विडी त्यातून वगळली गेली. देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे कितीतरी जास्त, आणि तेही गरीब, कष्टकरी, कमी शिकलेले. ज्यांना इशाऱ्याची सर्वात जास्त गरज होती त्यांच्या हातातल्या कट्ट्यावर तो नव्हताच. विडी ही ‘आपली’, पानात गुंडाळलेली, म्हणून सौम्य, हा समज त्यामुळे आणखी पक्का झाला.

विडीला हात लावायला सरकार कचरत होतं, त्यामागे पोटापाण्याचा प्रश्न होता. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता, निपाणी भागातला तंबाखू आणि सोलापूर, सिन्नर, संगमनेर इथल्या घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका, अशी ही मोठी साखळी. हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर संसार चालवणाऱ्या या स्त्रियांसाठी १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधी आला. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसणाऱ्या या बायकांच्या छातीत तंबाखूची धूळ जाते, ती धूम्रपानाच्या आकडेवारीत कुठेही मोजली जात नाही. तंबाखूविरोधी धोरण आखताना त्यांच्या पर्यायी रोजगाराचा विचार सतत मागे राहिला.

विडी सौम्य नसल्याचा पुरावा मुंबईने दिला. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मतदारयाद्या हाती घेऊन शहरातल्या ३५ वर्षांवरच्या सुमारे १,४८,००० लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवल्या. कडक पहारा असलेल्या उच्चभ्रू इमारती त्यांनी वगळल्या. त्यामुळे ही पाहणी प्रामुख्याने सामान्य मुंबईकरांची झाली. काही वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्याच दारांशी गेले आणि कोण हयात आहे, कोण नाही, याची नोंद घेतली. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांमध्ये ६४ टक्क्यांनी जास्त आढळलं.

२००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तामिळनाडूच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. सुमारे ४३,००० मृत पुरुषांची माहिती तपासल्यावर दिसलं, की धूम्रपान करणाऱ्याचा क्षयाने मृत्यू होण्याची शक्यता न करणाऱ्याच्या जवळपास चौपट असते. पुरुषांमधल्या क्षयाच्या निम्म्या मृत्यूंमागे धूम्रपान होतं.

इथे एका तफावतीकडे लक्ष जातं. १९९७ पासून सुधारित क्षयरोग कार्यक्रमात ‘डॉट्स’ पद्धत देशभर रुजवली जात होती. रुग्णाने गोळी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यावी म्हणून आरोग्यसेविका, आशाताई, कधी गल्लीतला दुकानदारही नेमला जायचा. रुग्ण चुकला तर कोणीतरी घरी यायचं. त्याच रुग्णाच्या खिशातल्या विडीच्या कट्ट्याबद्दल मात्र ‘सोडून द्या’ एवढंच सांगितलं जायचं. केरळमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांशी बोलून पाहिलं, तेव्हा आढळलं की उपचार सुरू झाल्यावर बरेच जण विडी सोडतात. खोकला थांबला, वजन वाढलं, कामावर परतले, की त्यांतले कितीतरी पुन्हा पेटवतात. औषधासाठी माणूस पाठीशी होता, विडी सोडण्यासाठी नव्हता. क्षय आणि तंबाखू या दोन्ही कार्यक्रमांनी एकत्र काम करावं अशी राष्ट्रीय चौकट तयार व्हायला २०१७ साल उजाडलं.

सार्वजनिक जागा धूरमुक्त करण्याच्या लढ्यात पश्चिम किनारा पुढे होता. गोव्यात कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून प्रचार केला आणि १९९७ मध्ये गोव्याचा धूम्रपान व थुंकण्यास बंदी करणारा कायदा झाला. देशातल्या अशा पहिल्या काही कायद्यांपैकी तो एक. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, रेल्वे, बस अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा केंद्रीय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांवरच्या बंदीचे कडक नियम अमलात आले, दंड २०० रुपयांपर्यंत.

दंड किती जणांना झाला यापेक्षा या बंदीचं मोल वेगळं आहे. एसटीच्या मागच्या सीटवर, कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्यामागे, लग्नाच्या मांडवात विडी ओढणं जी पिढी सहज पाहत होती, तिच्या मुलांना ते दृश्य खटकू लागलं. धूम्रपानाला मिळणारी मूक संमती ओसरली. देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात हे दिसतं. २००९-१० मध्ये १४ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, २०१६-१७ मध्ये १०.७ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ३.८ टक्क्यांवर होतं. मात्र गायछाप, मावा, मिश्री अशा धूरविरहित तंबाखूचं प्रमाण २४.४ टक्के, आणि तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

समूहाचा हा परिणाम किती खोल असतो, हे २००८ मध्ये निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या नोंदींवरून दाखवलं. १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ लोकांची नाती आणि मैत्री त्यांनी जुळवून पाहिली. नवऱ्याने किंवा बायकोने धूम्रपान सोडलं तर जोडीदाराची धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती, मित्राने सोडलं तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडलं तर ३४ टक्क्यांनी. माणसं एकेकटी सुटत नव्हती, घोळक्यांनी सुटत होती. आणि जे सुटले नाहीत ते हळूहळू गोतावळ्याच्या कडेला ढकलले जात होते. आपल्याकडे विडी उरली आहे ती बांधकामाच्या साइटवर, ट्रकच्या केबिनमध्ये, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याजवळ. घरापासून लांब राहणाऱ्या, झोप आणि भूक मारण्यासाठी झुरका घेणाऱ्या या माणसाला सोडणारा जोडीदार शेजारी कुठून मिळणार? जो तंबाखू त्याला जागं ठेवतो, तोच सोडायला सांगताना त्याच्या पाळीचे तास कोणी विचारत नाही.

सोडायला मदत करणारी यंत्रणा देशात उशिरा उभी राहिली. २००२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १३ व्यसनमुक्ती केंद्रं निघाली. पाकिटावर इशाऱ्याची चित्रं यायला ३१ मे २००९ उजाडला, आणि १ एप्रिल २०१६ पासून ती ८५ टक्के जागा व्यापू लागली. त्याच वर्षी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन सुरू झाली. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापणं बंधनकारक झालं आणि फोनची संख्या एकदम वाढली. भीती दाखवणाऱ्या चित्राखाली पहिल्यांदाच पुढची पायरी लिहिली गेली. पलीकडचा समुपदेशक तारीख ठरवायला सांगतो, तलफ आली की काय करायचं ते समजावतो आणि नंतर स्वतः फोन करून विचारतो. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालयही पुढे या सेवेत सामील झालं.

याच काळात भारतीय प्रयोगही हाती आले. दिल्लीच्या गरीब वस्त्यांमध्ये तंबाखू वापरणाऱ्या १,२१३ लोकांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांचा सल्ला आणि श्वासाचा योगाभ्यास, एवढीच मदत. त्यावर २.६ टक्के लोक दीर्घकाळ तंबाखूपासून दूर राहिले. केवळ अगदी त्रोटक सल्ला मिळालेल्यांत ०.५ टक्के. केरळमध्ये मधुमेहाच्या २२४ पुरुष रुग्णांपैकी एका गटाला डॉक्टरांच्या सल्ल्याबरोबर प्रशिक्षित समुपदेशकाचीही वारंवार भेट मिळाली, तेव्हा सहा महिन्यांनी त्या गटातल्या ५१.८ टक्के रुग्णांनी धूम्रपान थांबवल्याचं सांगितलं. नुसत्या सल्ल्याच्या गटात १२.५ टक्के. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की कळतं, आजारी माणूस उपचारासाठी वारंवार येतो ती वेळ सोनं आहे, आणि तिथे बसलेली समुपदेशक डॉक्टरपेक्षा अधिक काही देऊ शकते: वेळ.

चुलीची गोष्ट मात्र धूम्रपानाच्या गदारोळात मागे पडली. पद्मावतींच्या लेखानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा, प्रश्न जगापुढे ठेवला. २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. या आजाराच्या ओझ्यापैकी ५३.७ टक्के प्रदूषित हवेमुळे, २५.४ टक्के तंबाखूमुळे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना सुरू झाली. सिलिंडर घरोघरी पोहोचला, पण भरायचा खर्च परवडेना म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी झाली. धाप लागणारी बाई दवाखान्यात आधीच उशिरा येते. आली तर तिला ‘सिगारेट ओढता का’ विचारलं जातं, ‘स्वयंपाक कशावर करता’ हे फार क्वचित. पंप लिहून दिला तर ‘पंपाची सवय लागते’, ‘मुलीचं लग्न व्हायचंय’ म्हणून तो कपाटात जातो. श्वासाचं औषध लपवून घ्यावं लागणं, हाही सामाजिक आजारच.

२०२२ मध्ये निकोटिनची पर्यायी औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. तलफ हा शरीराचाही प्रश्न आहे, याला सरकारी मान्यता मिळाली. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं, आणि ३८.५ टक्क्यांनी वर्षभरात प्रयत्नही केला होता. त्याआधीच्या वर्षात डॉक्टरांकडे गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता, आणि प्रयत्न करणाऱ्यांतले बहुसंख्य कुणाच्याही मदतीशिवाय झगडत होते. म्हणजे इच्छेची कमतरता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर तंबाखू आणि चूल या दोन्हींसाठी रकाना हवा. सरकारी औषधखिडकीवर निकोटिन गम फुकट मिळायला हवा. छातीच्या ओपीडीत समुपदेशक कायमस्वरूपी नेमलेली हवी, आणि सोडल्याच्या आठव्या दिवशी रुग्णाला तिचा फोन जायला हवा. क्षयाच्या गोळीसाठी हे सगळं गावपातळीवर उभं राहिलेलं आहे. तीच आशाताई, तीच वही आणि तोच फोन धुराच्या कामीही लावता येईल.