पहिला गेमिंग पीसी जोडताय? सुटे भाग एकमेकांना जुळतात का, हे आधी बघा

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी पैसे साठवलेत, दहा-बारा व्हिडिओ बघून झालेत, कार्टमध्ये सात-आठ वस्तू टाकून ठेवल्यात आणि आता फक्त पैसे भरायचं बटण दाबायचं बाकी आहे. दोन मिनिटं थांबा. आधी एक किस्सा सांगतो.

माझा भाचा सांगलीला असतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून त्यानं गेमिंग पीसीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. सेल लागला की एक वस्तू घ्यायची, असं करत चार महिन्यांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट जमलं. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात महाग, म्हणून ते शेवटी. प्रत्येक वेळी तो मला विचारायचा. मदरबोर्डाच्या वेळी मी फोनवर म्हणालो होतो, "सॉकेट तेच आहे ना? मग घे डोळे झाकून."

कार्ड आलं त्या रविवारी त्यानं सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. रात्री साडेअकराला फोन आला, "मामा, काहीच दिसत नाहीये."

चूक काय होती ते पुढे येईलच. आधी सगळं क्रमानं बघू, म्हणजे ती चूक कुठे बसते ते तुम्हालाच दिसेल.

सुरुवात मॉनिटरपासून करा

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी मॉनिटर ठरवा. कारण ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार, हे मॉनिटर ठरवतो. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल असतात. १४४०पी मॉनिटरवर सुमारे ३७ लाख. फोरकेवर जवळपास ८३ लाख. आणि हे सगळे पिक्सेल सेकंदाला ६० वेळा काढायचे की १४४ वेळा, तो वेगळाच हिशोब.

म्हणजे घरी जुना ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर भारी कार्डावर घातलेल्या पैशांपैकी बराच भाग तुम्हाला स्क्रीनवर दिसणारच नाही. मॉनिटरवरून कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर, आणि मग बाकीचं. हा क्रम धरला की खर्च आपोआप ताळ्यावर येतो.

सॉकेट: पहिली चाळणी

प्रोसेसर मदरबोर्डावर ज्या जागी बसतो ते सॉकेट. इथे थोडं इकडचं तिकडे चालत नाही. सध्या बाजारात मुख्यतः चार नावं दिसतील.

एएमडीचं एएम४ हे जुनं सॉकेट. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्यावर बसतात आणि रॅम लागते डीडीआर४. २०२२ साली आलेलं एएम५ नवं. त्यावर रायझन ७००० आणि पुढच्या मालिका बसतात आणि रॅम फक्त डीडीआर५.

इंटेलकडे एलजीए १७०० हे १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचं सॉकेट. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एलजीए १८५१. इथे एक गोम आहे. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. प्रोसेसर तोच, बोर्डही दिसायला सारखाच, पण रॅम वेगळी. बोर्डाच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिलंय का, ते नीट वाचा.

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींच्या पट्टीवर २८८ पिना असतात. म्हणून फोटोत त्या सारख्या वाटतात. पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.

सॉकेट जुळलं तरी पुरत नाही

आता भाच्याच्या काळ्या स्क्रीनकडे येऊ.

मदरबोर्डात बायोस नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी ते जागं होतं आणि कोणता प्रोसेसर बसवलाय ते ओळखतं. समजा बी४५० चिपसेटचा बोर्ड आहे. हा चिपसेट २०१८ चा. त्यावर तुम्ही रायझन ५ ५६०० बसवला, जो २०२२ साली आला. सॉकेट दोघांचं एकच, एएम४. प्रोसेसर अलगद बसतो. पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल, तर कारखान्यातून निघताना त्यात जे बायोस होतं, त्याला हा प्रोसेसर माहीतच नाही.

भाच्याचं झालं ते याच जातीचं. चूक कुठल्या कंपनीची नव्हती. 'घे डोळे झाकून' म्हणणाऱ्या मामाची होती.

ही अडचण फक्त जुन्या सॉकेटची नाही. २०२२ चा बी६५० बोर्ड आणि २०२४ चा रायझन ९००० प्रोसेसर, किंवा इंटेलच्या १२व्या पिढीच्या वेळचा बोर्ड आणि १४व्या पिढीचा प्रोसेसर, इथेही तेच होऊ शकतं. उपाय सोपा आहे, फक्त तो खरेदीच्या आधी करायचा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तुमच्या प्रोसेसरसमोर बायोसची कितवी आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. दुकानदाराला विचारा, या खोक्यातल्या बोर्डावर कितवी आवृत्ती आहे? त्याला सांगता येत नसेल, तर बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेला बोर्ड घ्या. त्यात प्रोसेसर न ओळखताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं.

भाच्याच्या बोर्डावर ती सोय नव्हती. शेवटी गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं स्वतःकडचा जुना प्रोसेसर लावून बायोस बदलून दिलं. स्क्रीन लागली. आणि मग दुसरी अडचण समोर आली, ती शेवटी सांगतो.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

मदरबोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड असतं, म्हणून त्यावर चित्र येईलच असं नाही. त्यासाठी प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स असावं लागतं. रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ५ ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसं १२४००एफ, तर नाही. वेगळं कार्ड घेणार असाल तर 'एफ' घ्यायला हरकत नाही, पैसे वाचतात. पण कार्ड बिघडलं किंवा उशिरा येणार असलं, तर तोवर मशीन तपासताही येत नाही, हे डोक्यात ठेवा.

हाच नियम उलट बाजूनंही लक्षात ठेवा. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. हसू नका, ही चूक भलेभले करतात.

आणि कूलर? रायझन ५ ७६०० च्या खोक्यात तो मिळतो, ७६००एक्सच्या खोक्यात मिळत नाही. बिनखोक्याचा, 'ट्रे' म्हणून विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्याच्यासोबत कूलर नसतो आणि वॉरंटी कोण देणार ते आधी विचारावं लागतं.

रॅम आणि एसएसडी

रॅम एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८-८ च्या दोन, किंवा जमत असेल तर १६-१६ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या दोन वाटांनी काम करतात आणि गेममध्ये फरक पडतो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं.

खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम लावली की ती लगेच ६००० ने चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो. नाहीतर महागडी रॅम घेऊन तुम्ही ती साध्या वेगानंच पळवत राहता.

एसएसडीच्या बाबतीत एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्यात साटा पद्धतीची एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमईही. तुमच्या बोर्डाच्या खाचेला कुठली चालते ते बघा. काही बोर्डांवर दुसरी एम.२ खाच वापरली की साटाची एक-दोन तोंडं बंद होतात. जुनी हार्ड डिस्क लावायची असेल तर हे आधीच वाचून ठेवा.

ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

कार्डाची खाच ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. पीसीआय एक्सप्रेसच्या नव्या-जुन्या आवृत्त्या एकमेकांत चालतात. प्रश्न येतो तो विजेचा आणि लांबीचा.

उदाहरण घेऊ. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं. रायझन ५ ७६०० पूर्ण जोरात ८८ वॅटच्या आसपास. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ढोबळ ६० धरा. झाले साधारण २६५. मग २६५ चा एसएमपीएस पुरेल का? नाही. कार्डाची ओढ क्षणभर एकदम वाढते, आणि एसएमपीएस कायम शेवटच्या टोकाला चालवायचा नसतो. या कार्डासाठी कंपनी ५५० वॅटची शिफारस करते, ती पाळा.

वॅटचा आकडा पाहून झाला की तोंडं मोजा. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनी केबलमधून १५०. तुमच्या कार्डाला किती केबल लागतात आणि एसएमपीएसमध्ये तेवढ्या आहेत का, ते बघा. प्रोसेसरची ८ पिनी केबल आणि कार्डाची ८ पिनी केबल दिसायला बहिणी-बहिणी वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल्स तर दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. आतली जोडणी वेगळी असू शकते आणि पार्ट जळू शकतो.

'८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. एसएमपीएस टिकाऊ आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस गेमिंग पीसीला लावू नका. पैसे कमी पडत असतील तर दिव्यांची रोषणाई कमी करा, एसएमपीएस नको.

आपल्याकडे वीज जाते, म्हणून यूपीएसही आलंच. ६०० व्हीएचं यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. ते बहुतेक वेळा ३६० वॅटचंच असतं. त्यावर गेम खेळत बसायचं नाही, सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं.

कॅबिनेट: टेप घेऊन बसा

एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स साधारण २४४ गुणिले २४४ चा. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, मोठा लहानात बसत नाही. कॅबिनेटच्या माहितीत तीन आकडे शोधा: बोर्डाचा आकार, कार्डाची कमाल लांबी, कूलरची कमाल उंची. एकाच नावाचं कार्ड एका पंख्याचं असेल तर २० सेंटिमीटरच्या आसपास असतं, तीन पंख्यांचं ३० पर्यंत जातं. पुढच्या बाजूला वॉटर कूलरचा रेडिएटर लावला तर तेवढी लांबी आणखी कमी होते.

आणि समोर सलग काच असलेली कॅबिनेट फोटोत छान दिसते, पण हवा आत कुठून येणार? नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांत खेळणाऱ्यांनी जाळीच्या तोंडाची कॅबिनेट घ्यावी.

आता दुसरी अडचण

स्क्रीन लागल्यावर भाच्याचा पीसी गेम सुरू केला की मध्येच बंद पडायचा. शोधता शोधता कळलं, रॅमची एक पट्टी सदोष आहे. ती घेऊन तीन महिने झाले होते. परत करायची मुदत कधीच संपलेली. वॉरंटीत गेली, बदलून मिळाली, पण मध्ये तीन आठवडे गेले.

विचार करा, ती पट्टी पहिल्या आठवड्यातच सदोष असणार. पण तेव्हा तपासणार कशावर? बोर्ड सुरू होत नव्हता, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नव्हतं, कार्ड यायचं होतं. सेलमध्ये वाचवलेले पैसे खरे होते, पण त्यांच्या बदल्यात परत करायचा हक्क गेला.

म्हणून माझा सल्ला असा. पैसे हवे तितके महिने साठवा, वस्तू मात्र साठवू नका. पूर्ण यादी कागदावर लिहा: सॉकेट, बायोसची आवृत्ती, रॅमचा प्रकार, केबल्स, लांबी, उंची. प्रत्येक ओळीपुढे कंपनीच्या पानावर बघून खूण करा. मग आठवड्याभरात सगळं एकदम मागवा किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जाऊन एकाच दुकानातून जीएसटी बिलासह घ्या. आल्यावर कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक पट्टी आणि कार्ड लावून सुरू करून बघा. चित्र दिसलं की निम्मी लढाई जिंकलात.

भाच्याचा पीसी आता मस्त चालतो. परवा त्याच्या मित्राला पीसी जोडायचा होता, तेव्हा त्यानं मला फोन केला नाही. स्वतःच बोर्डाच्या पानावरची यादी उघडून बसला. मला थोडं वाईट वाटलं, पण जास्त बरं वाटलं.

तुमची यादी तयार असेल तर जरूर पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन तपासू. तोपर्यंत घाई करू नका. भेटू पुढच्या भागात.