एकच वावर, तीन मुलूख

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की व्यापारी ट्रॉलीतले दोन-चार कांदे उचलतो आणि अंगठ्याने मान दाबून पाहतो. मान बारीक, सुकलेली असेल तर बोली चढते. जाड, ओली मान म्हणजे माल टिकणार नाही.

वाण आणि हंगाम यांचं जमलं की नाही, ते त्या मानेत कळतं. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात. पुढे दिवस मोठा होतो, ऊन तापतं, कांदा पोसतो आणि माना आपोआप पडतात. पावसाळी लाल कांदा पोसायच्या वेळी दिवस लहान होत असतो. त्याच्या माना पडत नाहीत, पात पिवळसर दिसली की काढणी करायची. मधल्या हंगामातल्या रांगडा कांद्याला थंडी गाठते आणि डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात. वावर तेच, पण पिकाच्या लेखी हे तीन वेगळे मुलूख. म्हणून खरिपाला बसवंत-७८० हा वाण, तर रब्बीला एन-२-४-१. हा दुसरा कांदाचाळीत पाच-सहा महिने टिकतो.

मग भरवशाचा वाण ओळखायचा कसा? १९६३ मध्ये फिनले आणि विल्किन्सन या संशोधकांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात बार्लीचे २७७ वाण तपासले. जमीन, पाऊस, थंडी वेगवेगळी मोजत न बसता त्यांनी पिकालाच साक्षीदार केलं: एखाद्या ठिकाणी, एखाद्या हंगामात सगळ्या वाणांचं सरासरी उत्पादन हेच त्या परिस्थितीचं माप. मग परिस्थिती सुधारत गेली की प्रत्येक वाण किती वेगाने चढतो, ते पाहिलं. कपाशीपासून कांद्यापर्यंत ही रीत चालते.

समजा, एक वाण चांगल्या साली हेक्टरी ३२ टन देतो, वाईट साली १४. दुसरा २४ आणि २०. सरासरीत पहिला पुढे, २३ विरुद्ध २२. पण वाईट साली सहा टनांचा फरक पडतो, आणि सोसायटीचं कर्ज त्याही साली फेडायचं असतंच. दोन एकरवाल्याला मी दुसराच वाण सुचवेन. उळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या बियाण्याच्या, पाकिटावर सरासरीशेजारी वाईट सालचा आकडाही छापला पाहिजे, असं मला फार वाटतं.

उन्हाळ कांद्याच्या बाबतीत तर वावरातलं वजनही अपुरं. एप्रिलमध्ये चाळीत भरलेल्यापैकी सप्टेंबरात न सडता, कोंब न फुटता किती उरला, तेही हंगामागून हंगाम मोजावं लागतं.