गवताळ प्रदेशातील लघुग्राम आणि पर्यटन-नियोजन : कॉटनवुड फॉल्सचा एक अभ्यास

प्रस्तावना

पर्यटन-नियोजनात प्रथम प्रेक्षणीय स्थळे ठरविली जातात व मुक्कामाचा विचार नंतर केला जातो. महानगरांत हा क्रम चालून जातो. विरळ वस्तीच्या ग्रामीण प्रदेशात मात्र निवासाची सोयच संपूर्ण सहलीचे स्वरूप ठरविते. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील कॉटनवुड फॉल्स या लहानशा गावाच्या आधारे प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

प्रदेशाचे स्वरूप

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांना ‘प्रेअरी’ म्हणतात. त्यांपैकी उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेली होती. नांगराखाली गेल्यामुळे आज तिचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे. या उर्वरित भागाचा मोठा हिस्सा फ्लिंट हिल्स या टेकड्यांवर आढळतो. येथील चुनखडकात चकमकीच्या दगडाचे थर असल्याने जमीन नांगरता आली नाही. ती गुरांच्या चराईसाठी राहिली आणि त्यामुळेच गवत वाचले.

कॉटनवुड फॉल्स हे या टेकड्यांतील चेस परगण्याचे मुख्य ठिकाण होय. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या ८५१, तर संपूर्ण परगण्याची २,५७२ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी याच परगण्यात आठ हजारांहून अधिक लोक राहत होते. अशा ठिकाणी बाहेरून येणारा पाहुणा गावाच्या अर्थजीवनात महत्त्वाचा ठरतो.

प्रेक्षणीय स्थळे

गावातील चुनखडकाचे न्यायालय १८७३ मध्ये बांधले गेले. कॅन्ससच्या राज्य विधान भवनाशी संबंधित असलेले वास्तुविशारद जॉन हॅस्केल यांनी त्याचा आराखडा केला. विशेष म्हणजे या इमारतीत आजही न्यायालयीन कामकाज चालते.

गावाच्या उत्तरेस जवळच स्ट्राँग सिटी हे जोडगाव असून, त्याच्याही पुढे सुमारे ३ कि.मी. अंतरावर उंच गवताच्या प्रेअरीचे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या क्षेत्राचा विस्तार सुमारे ४,४०० हेक्टर आहे. तेथे १८८१ मध्ये बांधलेले पशुपालकाचे दगडी घर, तीन मजली गोठा आणि एका खोलीची जुनी शाळा पाहावयास मिळते. २००९ मध्ये येथे १३ गवे (बायसन) पुन्हा आणण्यात आले. त्यांच्या कुरणातूनच पायवाट जात असल्यामुळे त्यांच्यापासून किमान ९० मीटर अंतर राखणे आवश्यक असते. उत्तरेस सुमारे ३० कि.मी. वर कौन्सिल ग्रोव्ह हे सांता फे या जुन्या व्यापारी मार्गावरील ऐतिहासिक गाव आहे.

निवासाचा प्रश्न

संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत मुक्कामाची अथवा तंबू ठोकण्याची सोय नाही. त्यामुळे पर्यटकापुढे तीन पर्याय राहतात : गावातील मोजक्या खोल्या; कौन्सिल ग्रोव्हच्या जलाशयाकाठची तंबूस्थळे; अथवा पूर्वेस सुमारे ३० कि.मी. वरील एम्पोरिया शहरातील हॉटेले. बहुतेक प्रवासी खोल्यांच्या उपलब्धतेमुळे शहराकडे वळतात. तथापि त्यामुळे दुहेरी हानी होते. एक तर प्रेअरीचे खरे रूप पहाटेच्या व सायंकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसते. भर दुपारी आलेल्यास ती केवळ ओसाड माळ भासते. दुसरे असे की, संरक्षित क्षेत्रात प्रवेशशुल्क नसल्याने, दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पर्यटकाकडून गावास फारसे काही मिळत नाही. रात्रीचा मुक्काम म्हणजे खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण आणि गावकऱ्यांशी संभाषण होय.

नियोजनाची सूत्रे

१) प्रथम खोली निश्चित करावी, मग तारखा व स्थळे ठरवावीत. जूनच्या आरंभी स्ट्राँग सिटीत १९३८ मध्ये सुरू झालेला रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कौशल्यस्पर्धांचा उत्सव, भरतो. तेव्हा परिसरात जागा मिळणे कठीण जाते.

२) ऋतूचा विचार करावा. वसंतात, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, नवे गवत जोमाने यावे म्हणून कुरणे हेतुपुरस्सर जाळली जातात. मे-जूनमध्ये रानफुले बहरतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत सर्वाधिक उंच असते.

३) स्वतःचे वाहन असावे. स्ट्राँग सिटीतून प्रवासी रेल्वे जाते, परंतु थांबत नाही.

४) टेकड्यांवरील बरीचशी जमीन खाजगी आहे. कुंपण ओलांडू नये. उघडे फाटक उघडे व बंद फाटक बंदच ठेवावे.

५) किमान दोन रात्री राखून ठेवाव्यात. पहिली सायंकाळ गावासाठी, दुसरा दिवस पहाटेपासून कुरणांसाठी आणि तिसरी सकाळ राज्य महामार्ग १७७ ने कौन्सिल ग्रोव्हकडे जाण्यासाठी, अशी विभागणी सोयीची ठरते.

समारोप

सारांश, लहान गावाच्या पर्यटनाचे यश पर्यटकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मुक्कामावर अधिक अवलंबून असते. गावातील मोजक्या खोल्या भरल्या, तर खानावळ व दुकान यांनाही आधार मिळतो. त्या रिकाम्या राहिल्या, तर उत्तम संरक्षित प्रेअरीच्या शेजारीच गाव ओस पडू शकते. म्हणून येथे निवासाची निवड ही केवळ प्रवाशाची सोय नसून, ज्या गावाचा पाहुणचार त्याने घेतला त्या गावाच्या भवितव्याशी निगडित असलेला निर्णय ठरते.