घोडेस्वारी आणि कॉलेजचा प्रवेश

भाईंदरहून पहाटेची स्लो लोकल पकडून महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबात सराव आणि परत येऊन क्लास, यात मुलांची दमछाक होते. या मेहनतीचा प्रवेशाला नेमका काय उपयोग, हे नववीतच पाहून ठेवावं.

राज्य मंडळाच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. मीरा-भाईंदरकरांसाठी तो जिल्हा ठाणे. क्लबच्या अंतर्गत स्पर्धेतलं पदक तिथे चालेलच असं नाही. म्हणून स्पर्धेचं प्रवेशशुल्क भरण्याआधीच तिची मान्यता विचारावी.

घोड्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. तिथे मात्र नीटचे गुण लागतात, स्वारी कितीही उत्तम असो.

अमेरिकेत आंतरमहाविद्यालयीन घोडेस्वारीची संघटना १९६७ पासून चालते. तिथे यजमान कॉलेज घोडे पुरवतं, कोणता घोडा वाट्याला येणार हे चिठ्ठीवर ठरतं आणि नवखेही उतरू शकतात. स्वतःचा घोडा नाही म्हणून मध्यमवर्गीय पालकांनी मागे हटू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथल्या कॉलेजांच्या प्रवेशअर्जातल्या निबंधात पदकांची जंत्री नको. खरारा करताना घोडा कान मागे पाडतो, तेव्हा हात का थांबवला, आवाज कसा खाली आणला, हे लिहावं. त्यातून मुलाचा स्वभाव कळतो. प्रशिक्षकांचं शिफारसपत्र मात्र वेळेत मागावं.