अ‍ॅक्सोलोटलच्या टाकीत वाळू कोणती?

मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत ‘अ‍ॅक्सोलोटल’ नावाचा उभयचर प्राणी राहतो. बेडूकमासा मोठा होताना कल्ले गमावतो. हा प्राणी मात्र पिसांसारखे कल्ले जन्मभर बाळगतो आणि पाण्यातच राहतो. निसर्गात तो नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, पण काचेच्या टाक्यांत तो जगभर पाळला जातो. अशा टाकीच्या तळाशी शोभेची रंगीत खडी पसरावी, असे कोणालाही वाटेल. नेमकी तीच त्याच्या जिवावर उठते. का, ते पाहू.

हा प्राणी भक्ष्य चावून तोडत नाही. भक्ष्य जवळ येताच तो एकदम तोंड उघडतो व घशाचा तळ खाली ओढतो. तोंडातील जागा वाढते, दाब घटतो आणि बाहेरचे पाणी भक्ष्यासकट आत धावते. पिचकारीचा दट्ट्या ओढल्यावर होते तेच हे! जवळची खडीही आत जाते आणि आतड्यात अडकू शकते. तुम्ही करून पाहा: पाण्याने भरलेली मऊ प्लॅस्टिकची बाटली बादलीच्या तळाशी आडवी धरा, दाबा, तोंड खड्यांना भिडवा आणि पकड एकदम सोडा. किती खडे आत आले, ते मोजा.

तेव्हा तळाचा कण एक तर आतड्यातून सहज निघून जाईल इतका बारीक हवा, किंवा तोंडात मावणारच नाही इतका मोठा. मधले माप घातक. मोठ्या गोट्यांच्या फटींत उष्टे अन्न साचून कुजते, म्हणून १ मिलिमीटरहून बारीक वाळू बरी. आपल्या वैनगंगेच्या वाळूत गारगोटीचे कण पुष्कळ असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. पण बांधकामाच्या ढिगात जाडे-बारीक सारेच मिसळलेले असते. ती वाळू चहाच्या गाळणीतून चाळावी, खाली पडेल तेवढीच घ्यावी आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. थर २-३ सेंटिमीटर पुरे. जाड थरात प्राणवायू पोचत नाही व सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पिल्लू सुमारे १५ सेंटिमीटरचे होईपर्यंत मात्र वाळूही नको, उघडी काचच चांगली.

वाळू जमली तरी गोंदियात खरी अडचण उन्हाळ्याची. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंच. तिथल्या या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायूही घटतो. पाणी थंड करणारे यंत्र लावावे, तर वीज गेली की तेही बंद! शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी तरी हीच चाळलेली वाळू घेईन आणि टाकीत आपल्या तलावांतले लहान मासे सोडीन.